पाने खालून का गंजतात: टूल बॉक्सच्या खणांत काय अंथरावे

गोव्यातल्या मालीमच्या मासेमारी जेटीवर इंजिनांची कामे करणाऱ्या कुणाचाही टूल बॉक्स उघडून पाहा. वरून पाने ठीक दिसतात. एखादा उचलून पालथा केला की पोटावर तांबूस पट्टा दिसतो. फडका वरून फिरतो, तेलाचा हात वरून लागतो आणि गंज खालून चढतो. पाना कोणत्या पोलादाचा आहे याला जेवढे महत्त्व, तेवढेच तो कशावर पडून असतो यालाही आहे. गोव्यात तर थोडे जास्तच.

मी ट्रॉलरची डिझेल इंजिने उघडतो. शेड बेतीला, मांडवीच्या काठाला लागून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्याला लागतात आणि वर्षभर तुंबलेली कामे आमच्याकडे येतात. नेमका तोच पावसाचा जोर. हत्यारे सगळ्यात जास्त वापरात असतात तेव्हाच हवा सगळ्यात ओली असते. सात खणांची नवी टूल ट्रॉली घेतली तेव्हा ठरवले, खणांत काय घालायचे ते या वेळी पारखून घ्यायचे. दुकानात समोर दिसेल ते कापून टाकायचे नाही.

पारखायला आधी शत्रू माहीत हवा. लोखंड गंजायला त्याच्यावर पाऊस पडावा लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ पोलादावरही डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर गंज चढण्याइतका होतो. त्यावर मीठ असेल तर गोष्टच वेगळी. खायचे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःहून हवेतले पाणी ओढून विरघळू लागते; पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते त्यामुळेच. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड असते, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागते. आपल्याकडे जुलैमध्ये आर्द्रता दिवसच्या दिवस ८० च्या वर असते, आणि जानेवारीतल्या कोरड्या दुपारीसुद्धा ती ३३ पर्यंत उतरणे विरळाच. याचा अर्थ असा की बोटीवरून परत आलेल्या पान्यावर जो खारा थर बसतो, तो बाराही महिने ओलाच असतो. हाताच्या घामातही मीठ आहे, तेही त्यात भर घालते.

आता असा पाना खणात ठेवला. वरच्या बाजूचा थर निदान वाऱ्याने थोडा सुकतो. खालच्या बाजूला जे अंथरले आहे ते हा ओलावा धरून ठेवते, की सोडून देते, की मुळात आत घेतच नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून. खणातल्या अस्तराविषयी कुणी बोलले की घसरत नाही, आवाज करत नाही, दिसायला छान, एवढेच बोलतात. त्या गोष्टी हव्यातच. पण खाऱ्या हवेत पहिला प्रश्न पाण्याचा. दुसरा तेलाचा आणि डिझेलचा, कारण आमची हत्यारे कोरडी कधीच नसतात. तिसरा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: अस्तर स्वतः काही वाफ किंवा रसायन सोडते का?

सगळ्यात देखणे अस्तर म्हणजे हिरवी फेल्ट, मुळात लोकर दाबून केलेले जाड कापड. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावची गर्स्टनर कंपनी १९०६ पासून मशिनिस्टांसाठी लाकडी पेट्या बनवते, त्या पेट्यांच्या खणांत हीच हिरवी फेल्ट असते. मायक्रोमीटर, गेज, डायल अशी मापाची नाजूक साधने तिच्यावर ठेवली की त्यांना चरा पडत नाही. ही पद्धत मला मनापासून आवडते, आणि बंद खोलीत, कोरड्या हवेत, रोज तेलाचा हात फिरवणाऱ्या माणसाच्या हाती ती उत्तम चालते. पण लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी वाफेच्या रूपाने आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणजे हात फिरवून पाहिले तर कोरडी, आणि पान्याखाली मात्र पाण्याचा साठा. बाजारात मिळणारी बरीचशी फेल्ट आता पॉलिएस्टरची असते. तिचा धागा पाणी पीत नाही हे खरे, पण धाग्यांच्या मधल्या पोकळीत पाणी आणि मीठ दोन्ही बसतात. शिवाय लोखंडाचा कीस फेल्टमध्ये रुतला की झटकून निघत नाही, आणि ज्या साधनाला चरा पडू नये म्हणून फेल्ट घातली त्यालाच तो घासतो.

दुसरी वस्तू म्हणजे जाळीची मॅट. स्वयंपाकघरातल्या खणांत घालतात ती, धाग्याच्या जाळीवर पीव्हीसीचा मऊ लेप दिलेली. म्हापशाच्या बाजारात कुठेही मीटरवर मिळते, स्वस्त, कात्रीने कापता येते, पाने हलत नाहीत, जाळीतून हवाही खेळते. बहुतेक मित्रांच्या पेट्यांत हीच आहे. हिच्याबद्दल मला एकच मोठी तक्रार आहे. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे प्लास्टिसायझर मिसळतात, आणि ते हळूहळू बाहेर येऊन शेजारच्या वस्तूत शिरते. ड्रिल बिटांची पारदर्शक डबी या मॅटवर वर्षभर राहिली तर तिच्या बुडावर जाळीचा ठसा उमटतो आणि जागा चिकट होते. मल्टिमीटरच्या एबीएस प्लास्टिकच्या खोक्यालाही हाच त्रास होऊ शकतो. आणि प्लास्टिसायझर निघून गेले की मॅट स्वतः कडक होऊन तिचा चुरा पडू लागतो. डिझेल लागले तर हे काम आणखी लवकर होते, कारण डिझेल ते धुऊन काढते.

तिसरा पर्याय रबर. इथे रबर या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि निवड करताना सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवला. हार्डवेअरच्या दुकानात शीट किलोवर मिळते. ३ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर शीट चार किलोच्या आसपास भरते, म्हणून सातही खणांना जाड रबर घालायचे म्हटले तर ट्रॉलीच्या पट्ट्यांवर उगाच वजन पडते. स्वस्त काळी शीट बहुतेक जुन्या रबराचा पुनर्वापर करून केलेली असते; तिला वास येतो, हात काळे होतात. नैसर्गिक रबर लवचीक, पकड उत्तम, पण डिझेल आणि ग्रीस लागले की फुगते. ईपीडीएम उन्हापावसाला दाद देत नाही, तेलाला मात्र लगेच हार मानते. निओप्रीन मधल्या वर्गातले. तेलासाठी बनलेले रबर म्हणजे नायट्रिल; इंजिनातल्या ऑइल सील आणि ओ-रिंग त्याच्याच असतात, त्यामुळे आम्हा लोकांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आणखी एक गोष्ट: साध्या रबराला टिकाऊपणा यावा म्हणून गंधक मिसळून भाजतात. त्या गंधकाने तांबे, पितळ आणि चांदी काळी पडते. पितळेच्या पट्ट्या, तांब्याचे वॉशर, चांदीचे कॉन्टॅक्ट असे काही खणात असेल तर ते रबरावर उघडे ठेवू नये.

दुकानात नायट्रिल मागितले की जे मिळते ते नायट्रिलच असते असे नाही. मी दुकानदाराला म्हटले, "अहो, पूर्ण शीट नंतर घेतो, आधी बोटभर तुकडा द्या." त्यांनी कोपऱ्यातून कापून दिला. परीक्षा सोपी आहे. तुकड्याची जाडी आणि लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवायची, काचेच्या बरणीत डिझेलमध्ये रात्रभर बुडवायचा, सकाळी पुसून पुन्हा मोजायचा. नैसर्गिक रबर नुसत्या डोळ्यांना कळेल इतके वाढते. नायट्रिल जवळजवळ तसेच राहते. माझ्याकडे आणलेल्या तुकड्यांपैकी एक, जो नायट्रिल म्हणून दिला होता, सकाळी लाटेसारखा वाकलेला निघाला. शंभर रुपयांची असो की हजारांची, शीट घेण्याआधी ही परीक्षा करावी असा माझा आग्रह आहे. त्याच बरणीत बाकीच्या वस्तूंचेही तुकडे टाकले: ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यांचा) फुगला आणि वळला, पीव्हीसीची जाळी सुकल्यावर ताठ झाली, आणि आमच्या कामाची रबर-कॉर्क शीट तशीच्या तशी बाहेर आली.

रबर-कॉर्क शीटविषयी थोडे सांगतो, कारण ती प्रत्येक इंजिनवाल्याच्या शेडमध्ये असते आणि अस्तर म्हणून तिचा विचार कुणी करत नाही. आम्ही तिच्यातून टॅपेट कव्हरची आणि ऑइल पॅनची पॅकिंग कापतो. कॉर्क म्हणजे एका ओकच्या झाडाची साल. ती दर नऊ वर्षांनी झाड न तोडता सोलून काढतात, आणि जगातला साधारण निम्मा कॉर्क पोर्तुगालमध्ये होतो. गोव्यात वाइनच्या बाटलीला लागलेले बूच जुन्या घरांतून अजून सापडतात, त्यामुळे ही वस्तू आपल्याला परकी नाही. सालीत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, म्हणून ती पाणी सहज पीत नाही. नुसत्या कॉर्कचे बोर्ड मात्र आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतात, कारण दाण्यांना जोडणारा डिंक आणि मधल्या फटी. रबरात बांधलेल्या कॉर्कला हा त्रास फार कमी. पकड चांगली, आवाज नाही, पॅकिंग कापून उरलेले तुकडे फुकटात. दोष एवढाच की जड हत्याराच्या कोपऱ्याने तिचे टवके उडतात.

फोममध्ये दोन घराणी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. गादीत असतो तो पॉलियुरेथेनचा उघड्या छिद्रांचा फोम. तो पाणी शोषतो, आणि दमट हवेत काही वर्षांत त्याचा पिवळा भुगा होतो. खणात तो कधीही घालू नये. ट्रॉलीबरोबर आलेला पातळ थर मला याच घराण्यातला वाटला, म्हणून तो त्याच दिवशी काढून टाकला. दुसरा ईव्हीए किंवा क्रॉसलिंक पॉलिथिलीन, बंद छिद्रांचा. चपलांचे तळवे याच ईव्हीएचे असतात, त्यामुळे त्याची शीट चपला दुरुस्त करणाऱ्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. दोन रंगांचे थर चिकटवून वरच्या काळ्या थरात प्रत्येक हत्याराचा आकार कोरायचा म्हणजे खालचा पिवळा किंवा लाल दिसतो, आणि कोणते हत्यार जागेवर नाही ते एका नजरेत कळते. विमानांच्या देखभालीत ही पद्धत रुळली ती सुरक्षेसाठी: इंजिनात विसरलेला पाना जीव घेऊ शकतो. बोटीच्या इंजिनातही फरक नाही. फ्लायव्हीलपाशी राहिलेली गोटी (सॉकेट) इंजिन सुरू होताच कुठे जाईल सांगता येत नाही, आणि बोट खोल पाण्यात बंद पडली तर तांडेल आणि खलाशी दोघेही अडकतात. ही एक गोष्ट मला फोमकडे ओढत होती.

एवढे वाचून आणि विचारून झाल्यावर खरी परीक्षा मी पावसातच घेतली. एकाच पत्र्यातून पोलादाच्या सारख्या पट्ट्या कापल्या, एमरी पेपरने घासल्या, थिनरने पुसल्या. समुद्राचे पाणी मे महिन्यातच बाटलीत भरून ठेवले होते, कारण पाऊस सुरू झाला की वरून येणाऱ्या गोड्या पाण्याने मांडवीचे पाणी मालीमपाशी फार पातळ होते. त्या पाण्याने घेतलेली परीक्षा फसवी ठरली असती. प्रत्येक पट्टीच्या एका बाजूला या पाण्याचे सारखेच थेंब लावले आणि ती बाजू खाली करून पट्टी एकेका अस्तरावर ठेवली. लोकरीची फेल्ट, पॉलिएस्टर फेल्ट, जाळीची मॅट, गुळगुळीत नायट्रिल, चरांचे (वर लांब खाचा असलेले) नायट्रिल, ईव्हीए, रबर-कॉर्क, वर्तमानपत्र, आणि एक पट्टी नुसत्या खणाच्या पत्र्यावर. शेडमध्ये काम शिकणाऱ्या मुलाने विचारले, "दादा, काकांच्या काळातला ग्रीसचा कागदपण ठेवू का एक?" मी म्हटले, ठेव. खण बंद करून आम्ही आमच्या कामाला लागलो.

मासेमारीची बंदी उठायच्या सुमाराला पट्ट्या उलटल्या. दोन्ही फेल्टखालच्या पट्ट्यांवर गंज पूर्ण पोटभर होता, आणि त्याची पापडी सुटत होती. वर्तमानपत्राची अवस्था तीच, वर कागद पट्टीला चिकटलेला. जाळीच्या मॅटवरच्या पट्टीवर चौकटीचौकटींची नक्षी: जिथे जाळी टेकली तिथे गंज, मधल्या मोकळ्या जागी पुष्कळ कमी. रबर-कॉर्कखाली फिकट तपकिरी डाग. ईव्हीएवर एक अस्पष्ट कडी.

नायट्रिलच्या दोन पट्ट्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवले. वस्तू एकच, फरक फक्त पृष्ठभागाचा. गुळगुळीत शीटवरच्या पट्टीला कडेने गंजाची कडी होती आणि मधोमध बारीक खड्डे. चरांच्या शीटवरच्या पट्टीवर फक्त चरांच्या माथ्याच्या रेषा, त्याही फडक्याने अर्ध्या निघाल्या. कारण समजण्यासारखे आहे. दोन सपाट पृष्ठभागांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडकला की तो सुकत नाही. मधल्या भागात हवेतला प्राणवायू पोहोचत नाही, कडेला पोहोचतो. या फरकामुळे मधले लोखंड विरघळते आणि गंज कडेला साठतो. म्हणून पाणी न पिणारी वस्तू निवडली एवढ्याने काम होत नाही, तिच्यावर हवेला वाट हवी. चर, गाठी, रेषा, काहीही चालेल, पण पाना संपूर्ण पोटावर टेकू नये. गंजाच्या हिशेबात ही एक गोष्ट मला बाकी सगळ्याहून मोठी वाटते, आणि अस्तर विकणाऱ्या कुणाच्या तोंडून ती मी ऐकलेली नाही.

ग्रीसच्या कागदाचे राहिले. ती पट्टी सगळ्यात स्वच्छ निघाली. ब्राऊन पेपरला हाताने पातळ ग्रीस लावून खणात घालायचा, ही आमच्या काकांची पद्धत. कागद पाणी पितो, पण ग्रीसने भरलेल्या कागदात पाण्याला जागाच नाही, आणि उलट पट्टीच्या पोटावरही ग्रीसचा थर बसतो. पावसाळ्यात न वापरता पडून राहणाऱ्या हत्यारांसाठी, म्हणजे बेअरिंग पुलर, लायनर काढायचे साधन, मोठ्या साइजचे रिंग पाने, मी ही पद्धत आजही ठेवली आहे. रोजच्या खणाला ती परवडत नाही: हात बरबटतात, धूळ बसते, पाने खण उघडताच पुढे धावतात.

मग खण एकेक करून लावले. पाने आणि गोट्यांच्या खणांत चरांचे नायट्रिल, ३ मिलिमीटर. चर नेहमी डावीकडून उजवीकडे धरायचे. खण ओढला की गोट्या पुढे-मागे घरंगळतात, आडवे चर त्यांना अडवतात. उभे ठेवले तर तेच चर त्यांना रूळ करून देतात. ज्यांना तेलाचा फारसा संबंध नाही, म्हणजे इलेक्ट्रिशियन किंवा सुतार, त्यांनी विजेच्या पॅनेलसमोर घालतात ती चरांची मॅट पाहायला हरकत नाही. ती मजबूत असते, आणि मोठ्या कामानंतर तिचे उरलेले तुकडे मिळतात. हातोड्या, छिन्न्या, मोठ्या पकडी यांच्या तळाच्या खणात रबर-कॉर्क घातली. टवके उडाले तर नवा तुकडा कापायला पाच मिनिटे लागतात.

फोम एकाच खणात घेतला, बोटीवर न्यायच्या हत्यारांच्या. पण कोरलेला खळगा म्हणजे पाणी साचायची वाटी. म्हणून आकार अर्ध्यावर न थांबवता आरपार कापले आणि फोमखाली लाल रंगाचे चरांचे रबर घातले. जागा रिकामी असली की लाल दिसते, फोम हत्याराला बाजूने धरून ठेवतो, आणि हत्याराचे पोट टेकते ते चरांवर. गोट्यांसाठीचे गोल आकार पॅकिंग कापायच्या पंचने पडतात, त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही. पान्यांचे आकार कटरने कापताना पाते उभे धरावे आणि एका दमात आरपार जाण्याचा हट्ट करू नये. तीन-चार हलक्या फेऱ्यांत कड सरळ येते. प्रत्येक आकाराच्या बाजूला अंगठा जाईल एवढी खाच ठेवली, नाहीतर ग्रीसच्या हातांनी पाना बाहेर निघत नाही. आता बोटीवरून उतरायच्या आधी मुलगा खण उघडतो, लाल कुठे दिसते का पाहतो, आणि मगच तांडेलाला इंजिन सुरू करायला सांगतो.

मापाची साधने मी ट्रॉलीतच ठेवत नाही. मायक्रोमीटर आणि डायल गेज झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आणि फेल्ट मी वापरली ती फक्त इथे, मशीन ऑइलचे चार थेंब देऊन. बरोबर व्हीसीआय कागदाचा तुकडा. या कागदातून निघणारी वाफ पोलादावर अतिशय पातळ थर धरते आणि गंज रोखते, पण ती वाफ कोंडून राहायला हवी; दिवसभर उघडबंद होणाऱ्या खणात ती उडून जाते आणि पैसे वाया जातात. कोणत्या धातूसाठी आहे ते पाकिटावर वाचून घ्यावे, कारण पोलादासाठीचा कागद पितळेला चालेलच असे नाही. सिलिका जेलचेही तसेच: बंद डब्यात उपयोगी, खणात जुलैमधल्या एका दुपारीच भरून जाते. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते विषारी, म्हणून ते घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये भाजू नयेत. केशरी दाणे घ्यावेत.

अस्तर कितीही चांगले निवडले तरी खणात दुसरीकडून विष येऊ शकते, आणि हा भाग मला एका वासाने कळला. स्क्रू ड्रायव्हरच्या खणातून आंबट, ओकारीसारखा वास यायचा आणि त्याच खणातली पाती बाकीच्यांपेक्षा जास्त गंजत. जुन्या पारदर्शक मुठी सेल्युलोज अॅसिटेट किंवा अॅसिटेट ब्युटिरेटच्या असतात. दमट उष्ण हवेत त्या हळूहळू कुजतात आणि अॅसिटिक किंवा ब्युटिरिक आम्ल सोडतात. पहिल्याचा वास व्हिनेगरचा, दुसऱ्याचा ओकारीचा. बंद खणात ही आम्लाची वाफ शेजारच्या पोलादावर बसते. मुठी साबणाने आणि खायच्या सोड्याने धुतल्या, पूर्ण सुकवल्या आणि ड्रायव्हर भिंतीवरच्या उघड्या पट्टीवर लावले. खणातला वास गेला. हाच न्याय अस्तर चिकटवणाऱ्या डिंकाला. काचेला लावतात त्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो, कारण सुकताना ते अॅसिटिक आम्लच सोडते. खणात ते लावू नये. चामडे अंथरायची कल्पनाही याच कारणाने बाद केली, कमावलेल्या चामड्यात टॅनिन आणि आम्ल असते. ओकचे लाकूड आणि प्लायवूडही अॅसिटिक आम्लाची वाफ सोडतात, म्हणून पेटी लाकडी असेल तर आतून पॉलिश किंवा रंग देऊन बंद करावी.

मी अस्तर चिकटवतच नाही. खणापेक्षा चहू बाजूंनी दोन मिलिमीटर कमी कापले की नुसते ठेवलेले पुरते. उचलता येते, गोड्या पाण्याने धुता येते, खालचा पत्रा पाहता येतो. चिकटवलेल्या मॅटखाली पाणी शिरले तर खणाचा रंग आतल्या आत सुटतो आणि बाहेरून कळत नाही.

धुण्याचा क्रमही ठरवून घेतला आहे. बोटीवरून आलेली हत्यारे आधी गोड्या पाण्यात, मग फडक्याने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडी, आणि त्यानंतर तेल. पुष्कळ जण थेट तेलाचा फडका फिरवतात. तेलात मीठ विरघळत नाही. ते तेलाच्या थराखाली तसेच राहते आणि आपले काम करत राहते. धुतलेला पाना चांगल्या अस्तरावर ठेवला तर तो पाऊस काढतो. न धुतलेल्या पान्याला कोणतेच अस्तर वाचवत नाही, चरांचे नायट्रिलसुद्धा नाही.

कानशींचा खण तेवढा अजून मनासारखा झालेला नाही. कानशीला तेल लावले तर ती कामावर घसरते आणि दातांत कीस अडकतो, म्हणून ती कोरडीच ठेवावी लागते, आणि कोरडी ठेवली की खारा वारा तिच्यावर सगळ्यात आधी बसतो. सध्या रंग दिलेल्या सागवानी पट्टीत खाचा पाडून त्यात कानशी उभ्या ठेवल्या आहेत, एकमेकींना न टेकता, दातांना खडू घासून, आणि पावसाळ्यापुरत्या त्या पट्टीसकट मापाच्या साधनांसारख्याच एका घट्ट झाकणाच्या लांब डब्यात, केशरी सिलिका जेलबरोबर. येत्या जूनमध्ये अर्ध्या कानशी अशा आणि अर्ध्या व्हीसीआय कागदात गुंडाळून ठेवणार आहे.